ओझं उचलणाऱ्याचीच चूक कशी काय?

माझ्या धाकट्या भावाला गेल्या महिन्यात कामावर उसण भरली. वाघोलीकडच्या एका किराणा मालाच्या गोडाऊनला लोडिंगला आहे तो. ३० किलोचे तांदळाचे कट्टे, १५ किलोचे तेलाचे डबे, दिवसभर हेच. कट्टा खालच्या रॅकमध्ये पार आत सरकलेला, हा वाकून, हात लांब करून ओढायला गेला आणि उचलता उचलता वळला, तेवढ्यात कंबरेत काहीतरी सटकल्यासारखं झालं आणि डाव्या पायात मुंग्याच मुंग्या. तिथंच फरशीवर आडवा झाला. एमआरआय काढला, एल-फोर एल-फाईव्ह या मणक्यांमधली गादी सरकलीय.

सुपरवायझर घरी बघायला आला आणि मला म्हणतो, "ताई, वाकायची पद्धत चुकली त्याची. आम्ही भिंतीवर चार्ट लावलाय, सगळ्यांना बेल्टपण दिलेत."

हे डोक्यातून जातच नाहीये माझ्या. चार्टवर काय, तर गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, वजन अंगाजवळ धरा. अहो पण खालची फळी जमिनीपासून वीतभर वर, तिच्यावरची छातीला लागते, आत हात घालायचा तर गुडघ्यात बसून वजन अंगाजवळ घेणार कसं? तो रॅक माझ्या भावानं बसवला नाही. तासाला किती माल हलवायचा ते त्यानं ठरवलं नाही. आणि हँड पॅलेट ट्रॉली, तिचं एक चाक दिवाळीपासून जाम होतं, पोरांनी तीनदा सांगितलं, ग्रुपवर फोटो टाकला, हजार-बाराशेचं चाक, कोणी बदललं नाही. म्हणून सगळा माल हातानं.

ब्रिटनमध्ये १९९२ पासून यावर नियम आहेत, आणि त्यात पहिली जबाबदारी मालकाची. आधी हातानं उचलणं टाळता येतंय का बघ, टळत नसेल तर धोका तपास, मग तो कमी कर. कामगार कसा वाकतो ते त्यानंतर. तिथलं सरकारी मार्गदर्शन सांगतं की पुरुषानं कंबरेच्या उंचीवर, अंगाजवळ धरून उचलायचं तर साधारण २५ किलो, पण तेच जमिनीलगत हात लांब करून उचलायचं तर आकडा ५ किलोवर येतो. ही कायद्यानं घातलेली मर्यादा नाही, यापुढे गेलात तर काम नीट तपासा असा अर्थ. आपला पोरगा तसाच हात लांब करून ३० किलो ओढत होता!! आणि बेल्टचं म्हणाल तर अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेनं १९९४ लाच सांगून टाकलंय की धडधाकट कामगाराची पाठ बेल्टमुळे वाचते याला पुरेसा पुरावा नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

आमचे अण्णा मार्केट यार्डात हमाल होते. त्यांच्या उमेदीत १०० किलोचं पोतं पाठीवर, हातात पोतं ओढायचा लोखंडी आकडा, ट्रकला लावलेल्या फळीवरून खाली यायचं. मानेमागं घट्टा पडलाय तो अजून हाताला लागतो. पण १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे अण्णांची बोर्डात नोंद होती, व्यापाऱ्यानं मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरावीक टक्के जादा रक्कम, बोर्डात भरायची, त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, दवाखाना. हे कोणी हातावर आणून ठेवलं नाही, पुण्यात बाबा आढाव आणि हमाल पंचायत, मुंबईत अण्णासाहेब पाटील, किती मोर्चे किती संप. पोतं १०० वरून ५० वर यायलाही भांडावंच लागलं. भावाचा कट्टा बघून अण्णा आधी म्हणाले होते, ३० किलो म्हणजे काहीच नाही रे. आता गप्प असतात, कारण त्यांनी कधी तासाला इतके नग मोजून ओझं वाहिलं नव्हतं.

भावाचा मालक कोण हेच ठरेना. कंपनी म्हणते तो कॉन्ट्रॅक्टरचा माणूस, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो जागा आणि रॅक कंपनीचे. इजा होईल इतकं जड ओझं कुणाला उचलायला लावू नये असं १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात ३४ व्या कलमात स्पष्ट होतं, ते दाखवलं तर म्हणे हे गोडाऊन आहे, फॅक्टरी नाही. पाठीला काय कळतं हो फॅक्टरी आणि गोडाऊन?

आणि ज्यांच्या घरात कोणी असं काम करतं त्यांनी हे नक्की वाचा. भावाचा ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विम्याचा हप्ता, पगारातून कापला जातो. कामावरचा अपघात म्हणून नोंद झाली तर तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या ९० टक्के मिळतात, बरा होईपर्यंत. नुसतं आजारपण दाखवलं तर ७० टक्के, तेही वर्षात ९१ दिवसच. कॉन्ट्रॅक्टरनं अपघाताचा रिपोर्ट दिलाच नाही, "कंबरदुखी" लिहून सुट्टी टाकली. त्याच दिवशी लेखी मागायला पाहिजे होतं, आम्ही हॉस्पिटलच्या गडबडीत राहिलो.

सोमवारी मी आणि भाऊ ईएसआयच्या ऑफिसला जातोय. ट्रॉलीच्या चाकाचा फोटो त्याच्या मोबाईलमध्ये आहे, ग्रुपवरच्या तारखेसकट, आणि खाली सुपरवायझरचा अंगठ्याचा इमोजीपण आहे. प्रिंट काढून घेतलीय.