संस्थापकांचं सोवळं

एक फॉरवर्ड फिरतोय. अमेरिकेचे संस्थापक म्हणे तत्त्वांसाठी भांडले, कधी वैयक्तिक पातळीवर उतरले नाहीत. वॉशिंग्टनची टवाळी करायची कुणाची छाती नव्हती. आणि हिडीस व्यंगचित्रं ही आताची देणगी. शेवटी दुसरे राष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्स आणि तिसरे जेफरसन यांच्या मैत्रीचा दाखला.

वॉशिंग्टनचं लगेच निकालात निघतं. 1793 मध्ये त्याला गिलोटिनवर चढवणारं एक उपहासपत्रक मंत्रिमंडळाच्या बैठकीत निघालं आणि हा शांत गृहस्थ भडकला. सरकारविरोधी वृत्तपत्राचा संपादक फ्रेनो याच्यावर त्याने तिथेच आग पाखडली. तो फ्रेनो तेव्हाचा परराष्ट्रमंत्री जेफरसनच्याच खात्यात वर्षाला 250 डॉलरांवर भाषांतरकार होता!

आता व्यंगचित्रं. जानेवारी 1798 मध्ये फिलाडेल्फियात, प्रतिनिधिगृहात, सदस्य ग्रिस्वल्डने विरोधी पक्षाच्या मॅथ्यू लायनला लाकडी तलवारीवरून डिवचलं. लायनच्या सैन्यातून झालेल्या बडतर्फीचा तो टोमणा होता. लायन सरळ त्याच्या तोंडावर थुंकला. लायनच्या हकालपट्टीचा ठराव दोन-तृतीयांश मतांअभावी पडला, तेव्हा 15 फेब्रुवारीला ग्रिस्वल्डने त्याला बसल्या जागी काठीने बडवलं. लायनने शेकोटीतला चिमटा उचलला. त्या हाणामारीचं व्यंगचित्र त्याच वर्षी छापून निघालं. पुढे 1804 च्या सुमारास व्यंगचित्रकार जेम्स एकिनने राष्ट्राध्यक्ष जेफरसनला कोंबडा केला आणि मागे कोंबडी म्हणून सॅली हेमिंग्जला काढलं. ती जेफरसनची गुलाम. नेम राष्ट्राध्यक्षावर होता, पण विटंबना तिचीही झाली, आणि तिला उत्तर द्यायची सोय नव्हती.

‘वैयक्तिक पातळीवर उतरले नाहीत’ यात एक अर्धसत्य आहे: बडे लोक सहसा स्वतः लिहीत नसत, लिहवून घेत. जेम्स कॅलेंडर नावाच्या पत्रकाराने अ‍ॅडम्सला ‘उभयलिंगी’ म्हटलं ते जेफरसनच्या पैशांच्या आधारावर. पुढे रिचमंडची पोस्टमास्तरकी मिळाली नाही, तेव्हा 1802 मध्ये त्याच कॅलेंडरने जेफरसनच्या सॅलीशी असलेल्या संबंधांचं प्रकरण छापलं. पहिला अर्थमंत्री हॅमिल्टन, त्याला तर एवढाही आडपडदा नको होता. 1800 मध्ये त्याने आपल्याच पक्षाच्या, तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेल्या अ‍ॅडम्सविरुद्ध 54 पानी पत्रक लिहिलं.

मैत्रीचा दाखला खरा आहे. 1812 पासून अ‍ॅडम्स आणि जेफरसन पत्रं लिहीत राहिले आणि 4 जुलै 1826 ला एकाच दिवशी वारले. पण हॅमिल्टनच्या वाट्याला असला समेट आला नाही. 1806 मध्ये अ‍ॅडम्सने आपला मित्र बेंजामिन रशला लिहिलेल्या पत्रात त्याला ‘स्कॉच फेरीवाल्याचं अनौरस कार्टं’ म्हटलंय. हॅमिल्टन द्वंद्वयुद्धात उपराष्ट्राध्यक्ष आरन बरच्या गोळीने मरून तेव्हा दीड वर्ष झालं होतं.