धुरा, सूत्रं, सुकाणू... सगळं सेम कसं काय?

कुणाचीही कुठेही नेमणूक झाली की बातमीत ठरलेलं वाक्य, धुरा सांभाळली, नाहीतर सूत्रं हाती घेतली, नाहीतर सुकाणू हाती आलं. जणू तिन्ही एकच! मला हे जाम खटकतं.

धुरा म्हणजे जू. ती वाहणारा तो धुरंधर, म्हणजे मुळात बैलच 😀 त्याने ओझं ओढायचं, कुठे जायचं ते गाडीवान बघेल. सूत्रं म्हणजे दोऱ्या, त्या ओढणारा पडद्यामागे बसला तरी चालतं.

सुकाणूचं तसं नाही. शब्द आला अरबी 'सुक्कान'वरून, आणि वस्तू म्हणजे नावेच्या मागे पाण्यात सोडलेली फळी. वल्ह्याने नाव पुढे जाते, सुकाणूने फक्त वळते, आणि वळते तीसुद्धा फळीवरून पाणी वाहत असेल तरच. उभ्या नावेत सुकाणू कितीही फिरवा, काही होत नाही. म्हणून बंद पडलेल्या संस्थेचं 'सुकाणू हाती घेतलं' वाचलं की वाटतं, अहो आधी वल्हं घ्या! आणि आपल्या सुकाणू समित्या... जाऊ दे.

कर्णधार शब्दातला कर्ण म्हणजे कान नव्हे बरं का, संस्कृतमध्ये कर्ण म्हणजे सुकाणूसुद्धा. म्हणजे कर्णधार हा खरा सुकाणू धरणारा, पण आज जहाजावर कॅप्टन हुकूम देतो आणि चाक धरतो दुसराच खलाशी, शब्दाला प्रमोशन मिळालं आणि काम खालीच राहिलं.

आणखी एक गंमत, सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की नाव डावीकडे वळते. चाकं आली तरी हुकूम कितीतरी वर्षं दांड्याच्याच हिशोबाने द्यायचे, त्यामुळे १९१२ साली टायटॅनिकवर हिमनग दिसल्यावर हुकूम सुटला 'हार्ड अ-स्टारबोर्ड', म्हणजे शब्दशः उजवीकडे, आणि जहाज वळलं डावीकडे! कुणी चुकलं नव्हतं, तेव्हाची पद्धतच तशी.

स्टारबोर्डमध्ये तारे असतील असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. पण ते जुन्या इंग्रजीतलं स्टिअर, पूर्वी सुकाणूचं वल्हं नावेच्या उजव्या अंगाला असायचं म्हणून ती बाजू स्टारबोर्ड.

गव्हर्नरही याच घरातला, ग्रीकमध्ये नाव हाकण्याचं जे क्रियापद होतं ते लॅटिनमधून फिरत तिथवर पोचलं. मराठीत त्याचा राज्यपाल केला आणि नाव बुडाली, पण स्टिअरिंग कमिटीची सुकाणू समिती करताना मात्र कुणीतरी ती शाबूत ठेवली.