अंगावर पाजताय म्हणून दिवस जाणार नाहीत, हे निम्मंच खरं

नागपुरातल्या बाळंतिणींच्या आणि त्यांच्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरत असतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: बाळ अंगावर पितंय तोवर दिवस जात नाहीत. पाळी आली नसेल तर काही वापरायची गरज नाही. गोळ्या-इंजेक्शनांनी दूध आटतं. तांबी बाळंतिणीला चालत नाही. मेसेज पाठवणाऱ्यांना सुनेची, लेकीची काळजी असते. म्हणूनच त्यातलं एकेक वाक्य नीट तपासायला हवं.

पहिलं वाक्य सगळ्यांत धोक्याचं, कारण ते निम्मं खरं आहे. बाळ वारंवार चोखतं तेव्हा आईच्या शरीरात बीज तयार होणं लांबतं. १९८८ साली इटलीत बेलाजिओला जमलेल्या तज्ज्ञांनी अभ्यास पाहून सांगितलं, की यातून ९८ टक्के संरक्षण मिळतं. पण तीन अटींवर. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी परतलेली नको, आणि बाळ रात्रंदिवस आईच्याच दुधावर हवं. तिन्ही अटी एकाच वेळी पाळल्या जायला हव्यात. मेसेजमध्ये यातली एकही नाही.

तिसरी अट आपल्याकडे कशी मोडते तेही बघा. मे महिना, पारा पंचेचाळीसवर, खिडकीत कूलर घरघरतोय. आजी माठातलं पाणी वाटीत घेते आणि चमच्यानं लेकराच्या ओठांना लावते. ‘घसा सुकला असन ना वो त्याचा!’ दोन थेंबांनी संरक्षण लगेच संपत नाही. पण दिवसभर चमचे चालू राहिले की बाळाचं पोट भरतं आणि पाजायची वेळ पुढे सरकते. मग दुपारची एखादी बाटली सुरू होते. माहेरपण आटोपून आई सासरी परतली, कामावर रुजू झाली, की पाजण्यातलं अंतर आणखी वाढतं. दिवसा चार तास किंवा रात्री सहा तासांपेक्षा जास्त अंतर पडायला लागलं की या पद्धतीवर भरवसा ठेवता येत नाही. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला नागपूरच्या उन्हातही वेगळं पाणी लागत नाही. आईच्या दुधात बहुतांश पाणीच असतं. लाहीलाही होत असेल तर बाळाला जास्त वेळा छातीशी घ्यावं, आणि पाणी आईनं प्यावं.

‘पाळी आली नसेल तर’ हा दुसरा मुद्दा सरळ चुकीचा. बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. म्हणजे बाळंतपणानंतरची पहिली पाळी दिसायच्या आधीच दिवस जाऊ शकतात. अशा बाईला मळमळ उन्हाची वाटते, थकवा जागरणाचा वाटतो, आणि कळतं तेव्हा चौथा महिना लागलेला असतो. एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस जाण्यात किमान २४ महिन्यांचं अंतर असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आधीच रक्त कमी असलेल्या आईच्या अंगावर हे दुसरं ओझं फार लवकर येतं.

आता दूध आटण्याची भीती. ती हवेतून आलेली नाही. माला-एन, माला-डी यांसारख्या गोळ्यांत इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) असतं. त्यानं दूध कमी होऊ शकतं आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत रक्ताच्या गुठळ्यांचा धोकाही वाढतो. म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईला त्या सहा महिने देत नाहीत. पण एका प्रकारच्या गोळीचा दोष सगळ्यांच्या माथी मारून मेसेज बायांच्या हातातले चांगले उपाय काढून घेतो, आणि मला सगळ्यांत जास्त राग याचा येतो.

‘छाया’ गोळीत संप्रेरक नाही. ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली आणि अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा घ्यायची. रविवारी पहिली घेतली तर दुसरी बुधवारी. चौथ्या महिन्यापासून फक्त रविवारी. पाळी पुढे जाऊ शकते, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नुकतीच कावीळ झाली असेल किंवा पीसीओडी (बीजकोशाचा विकार) असेल तर डॉक्टरांना सांगा.

‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं. त्यात इस्ट्रोजेन नाही, दूध आटत नाही. पाजणाऱ्या आईनं ते बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी सुरू करायचं. आपला सव्वा महिना संपला की आठवडाभरात ही वेळ येतेच. पाळी अनियमित होते, पुढे बंदही होऊ शकते. सोडल्यावर दिवस राहायला काही महिने लागतात, म्हणून लवकरच पुढचं मूल हवं असेल तर दुसरा उपाय निवडावा.

तांबीत औषधच नसतं, मग दुधात काय उतरणार? ती बाळंतपणानंतर ४८ तासांत बसवता येते, नाहीतर सहा आठवड्यांनी. एक प्रकार पाच वर्षं चालतो, एक दहा. लगेच बसवलेली तांबी निसटण्याची शक्यता थोडी जास्त असते, त्यामुळे सहा आठवड्यांनी तपासून घ्यावी.

आणखी एक. मेसेजमध्ये नवऱ्याचा उल्लेखच नाही. निरोधचा दुधाशी काही संबंध नाही, तो पहिल्या दिवसापासून चालतो. कुटुंब पूर्ण झालं असेल तर पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी. फक्त नंतरचे तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्य तपासून घ्यायचं.

हे सगळं डागा, मेयो, मेडिकलसारख्या सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतं. मेसेजवर विसंबून काही महिने काढले असतील तर आधी लघवीची चाचणी करा. आशाताईंकडे ‘निश्चय’ किट मोफत असतं. तीन दिवसांच्या आत संबंध आला असेल तर तातडीची गोळी पाजणाऱ्या आईलाही घेता येते, जितकी लवकर तितकी बरी. पण ती एकदाच्या चुकीसाठी. कायमचा उपाय कोणता, हे त्याच फेरीत विचारून घ्या.