रेडिओ ऐकणाऱ्याच्या घरातून किरणं निघत नाहीत

"सावधान! तुमच्या कॉलनीत कुणाच्या गच्चीवर लांब तार बांधलेली दिसतेय का?" अशी सुरुवात असलेला एक मेसेज सध्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर, सगळीकडे पोचलाय. म्हणणं असं की काही लोक छंदाच्या नावाखाली घरात लाँगवेव्ह (म्हणजे मीडियमवेव्हच्याही खालच्या फ्रिक्वेन्सीचा) रेडिओ ठेवतात, रात्री त्यातून बीप-बीप असे गुप्त सिग्नल येतात-जातात, ही हेरगिरी आहे, लाँगवेव्हची किरणं भिंतीतून आरपार जाऊन लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतात, विमानं भरकटतात, असा रेडिओ घरात ठेवणं हाच गुन्हा आहे, आणि तार दिसली की फोटो काढून पोलिसांना पाठवा. शेवटी "अमेरिकेत असे शेकडो बीकन चालतात" असं एक वाक्य (बीकन म्हणजे ठरावीक सिग्नल सतत पाठवत राहणारा ट्रान्समीटर) आणि कुठल्यातरी टॉवरचा फोटो.

एरवी असले मेसेज मी डिलीट करून मोकळा होतो. पण हा आमच्या काकूच्या भिशीच्या ग्रुपवर गेला. काका बँकेतून रिटायर झालेत, रात्री जेवण झालं की हेडफोन लावून लाँगवेव्ह ऐकत बसतात आणि वहीत नोंदी करतात. खालच्या मजल्यावरचा एक मुलगा त्यांच्याकडे मोर्स (टिंब आणि रेघांची तारेची लिपी) शिकायला यायचा, त्याच्या आईने त्याला पाठवणं बंद केलं. काकूला ते फार लागलं, तिने काकांच्या मागे लागून तार उतरवायला लावली, आणि काकांनी एक शब्द न बोलता उतरवली. म्हणून हे लिहितोय, आणि ज्या ज्या ग्रुपवर तो मेसेज आलाय तिथे हेही टाका ही विनंती आहे.

किरणांचा मुद्दा आधी घेतो कारण खरं नुकसान त्यानेच केलंय. रिसीव्हर काहीही पाठवत नाही. हवेत ज्या लहरी आधीपासून आहेत त्या तारेत अगदी बारीकसा करंट तयार करतात, रेडिओ तो वाढवतो आणि ऐकवतो, एवढंच त्याचं काम. काकांनी तार काढल्यावर त्या लहरी काही थांबल्या नाहीत, त्या आजही त्या मुलाच्या घरातून जातायत, फक्त ऐकणारं कुणी नाही. शेजारच्या देवळातली आरती घरात बसून ऐकणाऱ्यावर गोंगाट केल्याचा आरोप करावा तसं आहे हे. हां, रेडिओच्या आत एक छोटा ऑसिलेटर, म्हणजे लहरी तयार करणारं सर्किट, असतो आणि त्याची किंचित गळती होते हे खरं आहे, पण ती गळती आजोबांच्या काळातल्या व्हॉल्व्हच्या रेडिओतूनही होत होती आणि त्याच्यापुढे अख्खं घर बसून बातम्या ऐकायचं.

"भिंतीतून आरपार जातात" हे वाक्य वाचून लोक घाबरलेत असं दिसतं. जातात की. मीडियमवेव्हही जाते. मालवा हाउसची आकाशवाणी 648 किलोहर्ट्झवर आपल्या लहानपणी घराघरात ऐकू यायची ती भिंतीतूनच यायची, आणि ते ट्रान्समीटर किलोवॉटमध्ये मोजायचे असतात. आरपार जाणं वेगळं आणि शरीराला इजा करणं वेगळं. एक्स-रेसारखी किरणं अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतात म्हणून ती धोकादायक असतात, लाँगवेव्हमध्ये तेवढा दमच नसतो, 185 किलोहर्ट्झच्या एका फोटॉनमधली, म्हणजे लहरीच्या सगळ्यात छोट्या पुडक्यातली, ऊर्जा ट्यूबलाइटच्या प्रकाशातल्या फोटॉनपेक्षा दोनशे कोटी पटींहूनही कमी भरते.

बरं, क्षणभर धरून चालू की काकांच्या घरात रिसीव्हर नाही, चक्क ट्रान्समीटर आहे, तोही मेसेजमधल्या त्या अमेरिकन बीकनसारखा. अमेरिकेत 160 ते 190 किलोहर्ट्झ या पट्ट्यात कुणालाही बिनालायसन बीकन लावता येतो, तिथल्या एफसीसी या दळणवळण नियामक संस्थेच्या नियमांच्या भाग 15 मध्ये तसं लिहिलेलंच आहे, अट एवढीच की शेवटच्या स्टेजला 1 वॉटपेक्षा जास्त पॉवर द्यायची नाही आणि अँटेना, तिच्यापर्यंत जाणारी वायर (फीडलाइन) आणि अर्थची वायर मिळून 15 मीटरच्या वर जायचं नाही. म्हणजे मेसेज ज्याला पुरावा म्हणून दाखवतो तो तिथे उघड, कायदेशीर छंद आहे. आता या फ्रिक्वेन्सीला एक लहर दीड किलोमीटरहून लांब असते, तिच्यापुढे 15 मीटरची अँटेना म्हणजे शंभरावा भाग, त्यामुळे त्या 1 वॉटमधलं बहुतेक सगळं जमिनीत आणि कॉइलमध्ये उष्णता होऊन जातं आणि हवेत जातात ते जेमतेम काही मिलिवॉट. तुमचा 4जी मोबाइल कानाला लावलेला असताना 200 मिलिवॉटपर्यंत पाठवू शकतो.

मर्यादा किती असावी हे ठरवणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, आयसीएनआयआरपी, जागतिक आरोग्य संघटना तिचाच आधार घेते. तिच्या 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांत 100 किलोहर्ट्झपासून वरच्या लहरींसाठी सामान्य माणसाच्या पूर्ण शरीराची मर्यादा किलोमागे 0.08 वॉट दिलीय. आता हिशोब करा. 20 किलोचं मूल आहे, आणि बीकनचा सगळाच्या सगळा 1 वॉट, एक थेंबही इकडेतिकडे न सांडता, त्या मुलाच्या अंगात शिरला असं धरा, जे शक्यच नाही. तरी किलोमागे 0.05 वॉट होतात. मर्यादेच्या आतच. इतक्या कमी फ्रिक्वेन्सीला नसांना झिणझिण्या येण्याची अजून एक वेगळी मर्यादा असते, ती चालू ट्रान्समीटरच्या अँटेनाच्या अगदी जवळ गेल्यावर बघावी लागते आणि अशा अँटेनाला हात लावला तर चटका बसतो हेही खरं, पण काकांकडे ट्रान्समीटर नाहीच, हे मी परत परत लिहितोय कारण मेसेज लिहिणाऱ्याला हाच एक फरक कळलेला नाही.

आणि लाँगवेव्हचीच भीती असेल तर स्वयंपाकघरात बघा. इंडक्शन शेगडी साधारण 20 ते 100 किलोहर्ट्झच्या दरम्यान चालते, 2000 वॉटपर्यंत. फोनचे चार्जर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर, सगळ्यांच्या आत याच पट्ट्यात स्विचिंग चालू असतं. लाँगवेव्ह ऐकणाऱ्यांचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे, काका तार गच्चीवर का बांधतात तर घरातल्या आणि शेजारपाजारच्या चार्जरांच्या खरखरीपासून लांब जाता यावं म्हणून. पटत नसेल तर घरातला कुठलाही साधा रेडिओ मीडियमवेव्हच्या खालच्या टोकाला, जिथे स्टेशन नाही तिथे लावा आणि एखाद्या स्वस्त एलईडी बल्बजवळ न्या. जी खरखर वाढेल ती आपणच हवेत सोडतोय, आणि काका ती रोज सहन करतात, त्यांनी कधी कुणाकडे तक्रार केली नाही.

आता हेरगिरी. रात्री ऐकू येणारी बीप-बीप म्हणजे काय असतं? बहुतेक वेळा विमानतळांचे एनडीबी, म्हणजे दिशा दाखवणारे बीकन. आपली दोन किंवा तीन अक्षरी ओळख ते मोर्समध्ये दिवसरात्र पुन्हा पुन्हा सांगत राहतात, आणि ती ओळख, फ्रिक्वेन्सी, सगळं वैमानिकांच्या चार्टवर छापलेलं असतं. थंडीच्या रात्री लांबलांबचे बीकन येतात, पावसाळ्यात माळव्यात इतक्या विजा चमकतात की कडकडाटाशिवाय काही लागत नाही, म्हणून काकांच्या वहीतली बहुतेक पानं डिसेंबर-जानेवारीची. याशिवाय घड्याळं जुळवायची केंद्रं असतात, जर्मनीत माइनफ्लिंगेनचं 77.5 किलोहर्ट्झवर, जपानची 40 आणि 60 वर. स्वीडनमधल्या ग्रिमेटनला 1920 च्या दशकातलं फिरत्या यंत्रावर चालणारं ट्रान्समीटर अजून जपलंय, 2004 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, आणि वर्षातून मोजक्या दिवशी ते 17.2 किलोहर्ट्झवर चालू करतात तेव्हा लोक मुद्दाम जागून ऐकतात.

आणि छंदवाल्यांचे छोटे बीकन? ते इतके हळू बोलतात की त्यांच्यावरून गुप्त काम करण्याची कल्पनाच टिकत नाही. एक टिंब 30 सेकंदांचं करायची पद्धत आहे, त्यात मोर्समधलं 'के' हे एक अक्षर पाठवायला साडेचार मिनिटं लागतात. ते कानाने ऐकतही नाहीत, कॉम्प्युटरच्या पडद्यावर रेघा उमटतात त्या वाचायच्या. पॉवर कमी असताना सिग्नल गोंगाटातून वर काढायचा हाच तर उपाय आहे, वेग कमी करत जा. नोबेल मिळालेले खगोलशास्त्रज्ञ जो टेलर स्वतः हॅम, म्हणजे लायसन घेऊन छंद म्हणून रेडिओ चालवणारे, आहेत, त्यांनी 2008 मध्ये याच कामासाठी डब्ल्यूएसपीआर नावाची पद्धत काढली. तिच्या जवळजवळ दोन मिनिटांच्या एका मेसेजमध्ये काय असतं तर पाठवणाऱ्याचं कॉलसाइन (लायसनसोबत मिळणारी ओळख), त्याचा नकाशावरचा चौकोन आणि किती पॉवर वापरली ते. हेर स्वतःचं नाव आणि जागा उघड्यावर सांगत बसेल का? आणि जागा म्हणजे घराचा पत्ताही नाही, इंदूरचा चौकोन एमएल72, त्यात महू आणि धारही येतात, जवळपास 200 किलोमीटर रुंद आणि 110 उंच.

मेसेजमधली अर्धी खरी गोष्ट इथेच आहे, ती मान्य करतो. शीतयुद्धात हेरांसाठी आकडे वाचून दाखवणारी केंद्रं होती. पण ती शॉर्टवेव्हवर होती, मोठ्या ट्रान्समीटरवरून चालायची. अजून एक, आपल्या नौदलाचं तिरुनेलवेलीजवळचं आयएनएस कट्टबोम्मन 18.2 किलोहर्ट्झवर पाणबुड्यांसाठी सिग्नल पाठवतं. त्यातला मजकूर गुप्तच असतो आणि कुणा छंदवाल्याला तो उलगडत नाही, उलगडायचाही नसतो. पण सिग्नल आहे की नाही आणि किती जोरात आहे हे बघणं ही हेरगिरी असेल तर कोलकात्याच्या इंडियन सेंटर फॉर स्पेस फिजिक्सच्या शास्त्रज्ञांना काय म्हणायचं? त्यांनी 22 जुलै 2009 च्या खग्रास ग्रहणात देशात ठिकठिकाणी रिसीव्हर लावून हाच सिग्नल मोजला, सूर्य झाकला गेल्यावर आयनोस्फीअरमध्ये, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, काय बदल होतो ते बघायला, आणि त्यावर पेपर छापले. ते ग्रहण आपल्या इंदूरवरूनच गेलं होतं. ऐन पावसाळ्यात, ढगांच्या वर काय चाललंय ते डोळ्यांनी बघायची सोय नव्हती तेव्हा रेडिओने ते मोजलं, मला तर यातच या छंदाचं सगळं मोठेपण दिसतं.

विमानांचं थोडक्यात. रिसीव्हरमुळे विमान भरकटू शकत नाही. आजची विमानं उपग्रह आणि व्हीओआर, डीएमई, आयएलएस या दिशा, अंतर आणि उतरायचा मार्ग दाखवणाऱ्या जमिनीवरच्या यंत्रणांवर चालतात, एनडीबी तर जगभर एकेक करून बंद होतायत.

कायद्याचं मात्र नीट समजून घ्या. भारतात लायसनशिवाय ट्रान्समीटर चालवणं गुन्हा आहे, अमेरिकेतली 1 वॉटची सवलत बघून इथे कुणी बीकन लावायला जाऊ नये, हे मेसेजने सांगितलं असतं तर मी त्यांच्या बाजूने बोललो असतो. पण बाजारात उघड मिळणारा, लाँगवेव्हचा पट्टा असलेला रेडिओ आणून बीकन ऐकणं हे ट्रान्समिट करणं नाही. पोस्टात जाऊन रेडिओच्या लायसनची फी भरायची, ते पुस्तक घरातल्या मोठ्यांना आठवत असेल, ती भानगड 1980 च्या दशकातच संपली. ज्यांना पाठवायचंय त्यांच्यासाठी हॅमची परीक्षा आहे, केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची, पास झालात की व्हीयू2 किंवा व्हीयू3 ने सुरू होणारं कॉलसाइन मिळतं. वयाची अट 12 वर्षं. खालच्या मजल्यावरचा तो मुलगा यासाठीच मोर्स शिकत होता, खालची रिस्ट्रिक्टेड परीक्षा मोर्सशिवायही होते पण त्याला पूर्ण जनरल द्यायची होती.

फोटो काढून पोलिसांना पाठवा म्हणणाऱ्यांना एवढंच आठवण करून देतो की 26 जानेवारी 2001 ला भूज हादरलं आणि फोन बंद पडले तेव्हा संपर्क जोडायला हॅम रेडिओवाले पोचले होते, आणि 2004 च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरमधून भारती प्रसाद आणि त्यांच्या टीमने निरोप पोचवले. त्यांच्याही छतावर तारा आणि अँटेनाच होत्या. शंका आली तर बेल वाजवा, विचारा, काय ऐकता म्हणून. आमच्या कॉलनीत एकानेही विचारलं नाही, आणि एकट्या बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाबद्दल जिन्यात कुजबुज मात्र सुरू झाली, याचा मला खरंच राग आलाय.

तारेचा एक धोका खरा आहे आणि मेसेजमध्ये नेमका तोच नाही. काका रविवारी तार पुन्हा बांधणार आहेत, तेव्हा त्यांच्यासकट सगळ्यांसाठी: खांबावरून येणाऱ्या विजेच्या लाइनच्या वरून किंवा खालून तार कधीच न्यायची नाही, तुटून पडली तरी लाइनला टेकणार नाही इतकं अंतर ठेवायचं, आणि ढग जमायच्या आधीच ती रेडिओपासून सोडवून घराबाहेरच अर्थिंगला जोडून ठेवायची, गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावायला जायचं नाही.