कागदी फाइल सुरक्षित असते, हा समज महागात पडेल

‘सावधान’ असं वर लिहिलेला एक संदेश सध्या जोरात फिरतोय. तुमच्या आजाराच्या नोंदी दवाखान्यांनी एकमेकांना संगणकावरून पाठवायला तुम्ही संमती दिलीत, की तुमचं दुखणं जगजाहीर झालंच म्हणून समजा, असा त्याचा सूर. सगळी माहिती एका सर्व्हरवर जाते, कुठलाही डॉक्टर किंवा नर्स ती उघडते, हॅकर ती पळवतात, डॉक्टर ती वाचत तर नाहीतच, आणि एकदा काही चुकीचं नोंदलं गेलं की ते जन्मभर चिकटतं. म्हणून संमती नाकारा, कागदी फाइल जवळ ठेवा. लोक हे काळजीपोटी पुढे पाठवतात, ते कळतं. पण ज्याला दोन-तीन ठिकाणी उपचार चालू आहेत त्याने हा सल्ला मनावर घेतला, तर जिवाशी गाठ आहे.

आधी त्या कागदी फाइलचं बघू. 2005 साली कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली गेलं, तेव्हा दवाखान्यांतल्या कागदी नोंदी भिजून गेल्या. कर्करोगाचे, मधुमेहाचे रुग्ण परक्या गावांत पोचले आणि आपल्याला कुठलं औषध किती चालू होतं हे त्यांना सांगता येईना. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयाच्या नोंदी मात्र संगणकावर होत्या. त्या वाचल्या आणि इतर शहरांतल्या डॉक्टरांना वापरता आल्या.

वादळ ही टोकाची गोष्ट झाली. रोजचं उदाहरण घ्या. फाइल घरात असते आणि माणूस रस्त्यात पडतो. डोक्याला मार लागलेल्या सत्तरीच्या बाईंना बेशुद्ध अवस्थेत तातडीच्या विभागात आणलं जातं. मुलगा सांगतो, “आई रक्त पातळ व्हायची गोळी घेते.” कुठली? त्याला आठवत नाही. आता सगळं त्या नावावर अडतं. गोळी वॉरफेरिन असेल तर उतारा म्हणजे व्हिटॅमिन के आणि रक्त गोठवणाऱ्या घटकांचं इंजेक्शन. डॅबिगॅट्रान असेल तर उतारा वेगळा, इडारुसिझुमॅब. रक्त तपासून अंदाज बांधता येतो, पण मेंदूत रक्तस्राव होत असताना ती मिनिटं कुठून आणायची? त्यातच मूत्रपिंड किती काम करतंय हे सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन 2.1 येतं. मागच्या वर्षी ते 2.0 होतं की 0.9? पहिल्या बाबतीत मूत्रपिंडाचं दुखणं जुनं, दुसऱ्या बाबतीत ते नव्याने बिघडलेलं, आणि दोन्हींचे निर्णय वेगळे. हे दोन तपशील दुसऱ्या रुग्णालयाच्या संगणकात पडून असतात आणि केवळ जोडणी नाही म्हणून ते या डॉक्टरांपर्यंत पोचत नाहीत. याची मला खरोखर चीड येते.

‘सगळं एका सर्व्हरवर जातं’ हे सरसकट खरं नाही. काही ठिकाणी मध्यवर्ती साठा असतो, तर अनेक ठिकाणी मध्यभागी फक्त सूची असते: कुठली नोंद कुठे आहे एवढंच तिथे कळतं, मूळ नोंद जिथली तिथेच राहते आणि मागणी आल्यावर पाठवली जाते. आज अनेक नव्या प्रणाली ज्या ‘फायर’ (FHIR) मानकावर, म्हणजे आरोग्याची माहिती संगणकांनी एकमेकांना कशी पाठवायची याच्या ठरलेल्या नियमांवर चालतात, त्यात ॲलर्जी, औषधं, तपासण्या वेगवेगळ्या मागता येतात. अख्खी फाइल द्यावीच लागत नाही.

‘कुणीही उघडतो’ या मुद्द्यात मात्र तथ्य आहे आणि तो टाळून चालणार नाही. फिनलंडमधल्या एका नर्सला एचआयव्हीची लागण होती आणि ती जिथे काम करायची त्याच रुग्णालयात उपचार घेत होती. सहकाऱ्यांनी आपली नोंद पाहिली असा तिला संशय आला. पण नोंद नेमकी कोणत्या व्यक्तीने उघडली हे त्या व्यवस्थेतून काढताच येईना. फक्त शेवटच्या पाच वेळा कुठल्या विभागाने ती पाहिली तेवढंच कळत होतं. 2008 साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. पाहणाऱ्याचा माग न ठेवणं हाच तिच्या खासगीपणाचा भंग ठरला. आता सांगा, कागदी फाइल कपाटातून काढून कोणी चाळली, याचा माग कुठे राहतो? एस्टोनियात 2008 पासून देशभराची आरोग्य माहिती प्रणाली आहे. तिथला रुग्ण स्वतः लॉग-इन करून आपली नोंद कोणी पाहिली ते बघतो आणि हवी ती माहिती डॉक्टरांसाठी बंदही करू शकतो. आपण मागायचं ते हे.

हॅकरांचा धोका खराच आहे. जोडण्या वाढल्या की आत शिरायच्या वाटाही वाढतात. पण संदेशात ज्या चोऱ्यांची भीती घातली जाते त्या नीट बघा. सिंगापूरमध्ये 2018 साली सुमारे 15 लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली, पंतप्रधानांचीसुद्धा. ती एका रुग्णालय समूहाच्या स्वतःच्या साठ्यातून गेली, देशाच्या सामायिक नोंद प्रणालीतून नव्हे. फिनलंडमधल्या वास्तामो या मानसोपचार कंपनीच्या रुग्णांना 2020 मध्ये खंडणीच्या धमक्या आल्या, तोही कंपनीने स्वतःकडे ठेवलेला डेटा होता. म्हणजे तुम्ही संमती नाकारली तरी तुमची नोंद तुमच्या रुग्णालयाच्या संगणकात असतेच, आणि तिथली सुरक्षा ढिली असेल तर ती तिथूनच जाते. नकार देऊन धोका जवळपास तसाच राहतो, फायदा तेवढा जातो.

‘डॉक्टर वाचतच नाहीत’: शंभर पानी पीडीएफ कोणीच वाचणार नाही, हे मान्य. म्हणूनच आंतरराष्ट्रीय रुग्ण सारांश ठरवला गेला. त्यात ॲलर्जी, चालू औषधं आणि आजारांची यादी या तीन गोष्टी असाव्याच लागतात. ते मिनिटाभरात वाचून होतं.

राहिली चुकीच्या नोंदीची गोष्ट. सारखं नाव आणि सारखी जन्मतारीख असलेल्या दोघांच्या नोंदी एकत्र होणं हा इथला सगळ्यात घातक प्रकार, म्हणून प्रत्येक ठिकाणी आपली ओळख आणि औषधं वाचून दाखवायला सांगा. पण चूक चिकटून राहते ती नोंदी एकमेकांपर्यंत पोचत नाहीत म्हणून. पेनिसिलिनची ॲलर्जी हे बघा. लहानपणी अंगावर पुरळ आलं म्हणून हा शिक्का बसलेल्यांपैकी बहुतेकांना नीट तपासल्यावर ती ॲलर्जी नसल्याचं आढळतं. समजा, एका रुग्णालयाने तपासलं आणि शिक्का काढला. दुसऱ्या रुग्णालयाच्या फाइलवर मात्र तो लाल अक्षरांत तसाच आहे. पुढच्या वेळी न्यूमोनिया झाला आणि रुग्ण तिथे गेला, तर तिथले डॉक्टर साधं, नेमकं औषध सोडून दुसरं जास्त त्रासाचं औषध लिहिणार, कारण शिक्का निघाल्याचं त्यांना कळवायला कोणीच नव्हतं.