गिरण्या ‘बदलल्या नाहीत म्हणून’ बुडाल्या? सोलापूरचा इतिहास काही वेगळंच सांगतो

‘एचएमटी, बजाज, नोकिया, राजदूत, अ‍ॅम्बेसेडर, कोडॅक... कुणाच्याही मालात खोट नव्हती, तरी संपले. कारण काळाबरोबर बदलले नाहीत.’ हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. हल्ली त्याला सोलापूरची पुरवणी जोडून येते: गिरण्या गेल्या, चादर चालली, दोष आपलाच, जुनं मोडल्याशिवाय नवं येत नाही, २०२५ चं अर्थशास्त्राचं नोबेलसुद्धा याच सिद्धांताला मिळालंय, तेव्हा रडत बसू नका. सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे तेलुगू भाषिक विणकरांच्या वस्तीत, ज्यांच्या घरचा माग थांबलाय, त्यांच्याही मोबाइलवर हे येतं. म्हणून त्यातलं एकेक विधान तपासून बघू.

‘हे सगळे बदलले नाहीत म्हणून संपले.’

बजाज संपलेली नाही. २००१ मध्ये पल्सर आणून ती मोटारसायकलींकडे वळली, पुढे स्कूटर बंद केली आणि २०२० मध्ये चेतक विजेवर परत आणली. नोकियाचा मोबाइल धंदा २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला, पण कंपनी आजही मोबाइल नेटवर्कची यंत्रणा बनवते. कोडॅकची गोष्ट तर मेसेजच्या अगदी उलट आहे. डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने बनवला. कंपनीने सुरुवातीला तो दडपून ठेवला, हे खरं. पण नंतर ती त्या धंद्यात पूर्ण उतरली आणि २००५ च्या सुमारास अमेरिकेत डिजिटल कॅमेरे विकण्यात आघाडीवर होती. तरी जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. फिल्मच्या रोलमध्ये जो नफा होता तो डिजिटल कॅमेऱ्यात नव्हता, आणि तो कॅमेराही पुढे मोबाइलने खाल्ला. बदलूनही बुडता येतं.

‘सोलापूरच्या गिरण्याही नव्या तंत्रापुढे टिकल्या नाहीत.’

या विधानावर जरा थांबायला हवं, कारण शहराच्या डोक्यावर सगळ्यात मोठं खापर इथेच फोडलं जातं. ‘जुनी मिल’ याच नावाची पहिली गिरणी १८७० च्या दशकात उभी राहिली. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. भोंग्यावर गावाचा दिवस चालायचा. या गिरण्यांना हरवलं कुणी? यंत्रमागाने, म्हणजे छोट्या शेडमधल्या विजेवरच्या मागाने. आणि तो यंत्रमाग काही नवा शोध नव्हता. आडवं सूत नेणारा तोच धोटा, तोच खडखडाट. महाराष्ट्रात ठिकठिकाणी गिरण्यांनी मोडीत काढलेले माग विकत घेऊनच यंत्रमागाचे कारखाने उभे राहिले. म्हणजे गिरणीतल्यापेक्षा जुनं यंत्र पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन जिंकलं.

ते जिंकलं खर्चावर. गिरणीत सूतकताई, विणाई, रंगाई एकाच छपराखाली. त्यामुळे कारखाना कायदा, प्रॉव्हिडंट फंड, बोनस, युनियन, सगळं लागू. वर अबकारी कराचा बोजाही यंत्रमागापेक्षा जास्त. शेडमध्ये मोजके माग, मजुरी कामावर, हजेरीपट बहुतेकदा नाहीच. गिरण्यांची यंत्रं जुनी झाली होती हे मीही मान्य करतो. पण नफा यंत्रांत परत घालायचा की नाही, हे साच्यावर उभा असलेला कामगार ठरवत नव्हता. अर्थशास्त्रज्ञ शुंपीटर यांनी १९४२ मध्ये ज्याला ‘सर्जनशील विनाश’ म्हटलं, त्यात नवा माल, नवी पद्धत, नवी बाजारपेठ जुन्याला बाजूला सारते. इथे माल तोच, पद्धत तीच. गेलं ते कामगाराचं संरक्षण. या विनाशाला सर्जनशील म्हणायची माझी तयारी नाही.

‘चादर लोकांनाच नको झालीय.’

यात तथ्य आहे. सोलापुरी चादर जाड सुताची. जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर, विणलेली नक्षी दोन्ही बाजूंना उमटते, रंग तेवढे उलटसुलट होतात, त्यामुळे ती कुठल्याही बाजूने वापरता येते. पण भिजली की पिळताना हात भरून येतात आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही. पॉलिस्टरचं ब्लँकेट हलकं, मऊ, झटपट वाळणारं आणि स्वस्त. फ्लॅटच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईने ते घेतलं तर तिचं काय चुकलं? चादरीला २००५ च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने नाव राखलं जातं, गिऱ्हाईक नाही.

पण यावरून ‘सोलापूरकर बदलले नाहीत’ हे कसं निघतं? चादरीचे कितीतरी माग टॉवेलकडे वळले. सोलापुरी टेरी टॉवेललाही मानांकन आहे आणि तो परदेशात जातो. शाळेच्या गणवेशांचा धंदा याच शहरात वाढला. चार माग असलेल्या माणसाला रेपिअर, म्हणजे बिनधोट्याचा वेगवान माग, घ्यायचा तर कर्ज हवं, कर्जाला तारण हवं. केंद्राची तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना १९९९ मध्ये आली, पण तीसुद्धा बँकेच्या कर्जावरच्या व्याजात सवलत देणारी. ज्याला बँक दारात उभं करत नाही, त्याला त्या सवलतीचा काय उपयोग?

‘नोबेलही याच विचाराला मिळालं.’

अर्धं नोबेल जोएल मोकिर यांना, उरलेलं अर्धं फिलिप अ‍ॅगियाँ आणि पीटर हॉविट यांना. या दोघांनी १९९२ मध्ये सर्जनशील विनाशातून होणारी वाढ गणिताने मांडली. पण ‘बुडणाऱ्याला बुडू द्या’ हा त्यांचा निष्कर्ष नाही. अ‍ॅगियाँ सतत सांगत आलेत की राखायची ती नोकरी नव्हे, माणूस; आणि उदाहरण देतात डेन्मार्कचं. तिथे कामावरून काढणं सोपं आहे, पण काढलेल्याला भरीव भत्ता आणि नव्या कामाचं प्रशिक्षण मिळतं. मेसेज पाठवणाऱ्याने सिद्धांताचा हा भाग गाळलाय.

‘कामगार आपोआप नव्या कामाला लागतात.’

हे वाचून मला राग येतो. साध्या मागावर धोट्यातली कांडी, म्हणजे सूत गुंडाळलेली नळी, थोड्या थोड्या वेळाने संपते आणि नवी घालावी लागते. या कांड्या भरायचं काम बहुतेक बायका करतात. रेपिअरला धोटाच नाही. तो सूत थेट कोनवरून ओढतो. टॉवेल चांगला निघतो, वेग वाढतो, निर्यातीचा माल होतो. हा खरा सर्जनशील विनाश, आणि तो यायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं. पण त्या दिवशी कांडीवालीचं काम पूर्ण जातं. तिचं नाव कुठल्या हजेरीपटावर नसतं, म्हणून नुकसानभरपाईत नाही, प्रशिक्षणाच्या यादीतही नाही. तिला उरतो तो विड्या वळायचा पर्याय, आणि तो धंदाही उतरणीलाच. फायदा लाखो गिऱ्हाइकांत थोडा थोडा वाटला जातो. तोटा मात्र एकाच वस्तीच्या पोटावर येतो.

म्हणून रेपिअरसाठी सरकारी पैसा देताना अट घाला: त्या शेडमधल्या प्रत्येकाची, कांडीवालीसकट, आधी नोंद करा. शिलाई असो की रेपिअर चालवणं, तेलुगू आणि मराठी दोन्ही भाषांत शिकवा, आणि शिकण्याच्या महिन्यांत तिची रोजी चालू ठेवा.