ताटाभोवतीची मजा कुणाच्या जिवावर? : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

'डोंबिवलीची एक आई' एवढीच सही करून तुम्ही माझ्या गेल्या आठवड्यातल्या लेखावर लिहिलंत. मी ते दोनदा वाचलं, मग बायकोलाही वाचून दाखवलं. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो: रात्री सगळ्यांनी एकत्र जेवावं, ताटात चार रंग आणि लिंबाची फोड असावी, जेवताना मुलांशी गप्पा आणि खेळ व्हावेत, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की साडेआठला लोकलमधून उतरणाऱ्या बाईने हे कधी करायचं? शिवाय हा सगळा थाट शेवटी तिच्याच गळ्यात पडतो. आणि मुलांचे एवढे लाड केले की ती डोक्यावर बसतात; आपल्या वेळी पानात पडेल ते मुकाट्याने खायचो, काही बिघडलं नाही.

पहिल्या दोन गोष्टी मला मान्य आहेत. तिसरी नाही, आणि ती का नाही हे नीट सांगायचं आहे.

तुम्ही थेट विचारलंत, 'तुमच्या घरी हे सगळं कोण करतं?' माझी बायको नर्स आहे, तिला तीन पाळ्या असतात. गेली सहा वर्षं संध्याकाळचा स्वयंपाक मी करतो. त्याआधी मी करत नव्हतो. घरी यायचो आणि वाढलेल्या ताटावर बसायचो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये लोकांचा दिवस कसा जातो याचं सर्वेक्षण केलं. त्यात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ९७. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष चारांत जेमतेम एक. हे माहीत असूनही मी लेखात 'आईने ताट सजवावं' असं लिहून गेलो. तुमचा राग रास्त आहे.

वेळेचंही तसंच. बायकोची दुपारपाळी असली की ती रात्री दहाच्या सुमाराला येते. त्या आठवड्यात आमचं एकत्र खाणं सकाळी सातला होतं, पंधरा मिनिटांचं. कधी थालीपीठ, कधी आदल्या रात्रीच्या भाकरीचा कुस्करा. पोळ्या आम्ही पोळी-भाजी केंद्रातून आणतो आणि त्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही. तुमची मुलं साडेसातला आजीबरोबर जेवतात म्हणालात. तेही कुटुंबाचं जेवणच आहे. तुम्ही नऊला पानावर बसाल तेव्हा ती पेरूची फोड घेऊन शेजारी बसली तरी पुरे.

आता तिसरी गोष्ट. माझे आजोबा बाहत्तरच्या दुष्काळातून गेलेले. दुष्काळात मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढलेला माणूस पानात काही टाकू देत नाही, ते मला आज पूर्ण कळतं. ते माझ्यासमोर बसायचे आणि पान साफ झाल्याशिवाय उठू द्यायचे नाहीत. मला शेपूचा वास सहन व्हायचा नाही. मी तो पाण्याच्या घोटाबरोबर, न चावता, डोळे मिटून गिळायचो. पान साफ व्हायचं, आजोबांचं समाधान व्हायचं. पण नंतर वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत मी शेपू तोंडात घातला नाही. म्हणून 'काही बिघडलं नाही' हे मला पटत नाही. किती भाज्या आपल्यातल्या कितीजणांच्या आयुष्यातून अशा निघून गेल्या असतील.

पानात टाकू नये हा नियम आमच्या घरी आजही आहे. फक्त एक बदल केला: वाढायचा डाव मुलांच्या हातात दिला. जे स्वतः वाढून घेतलं ते टाकायचं नाही. दुसऱ्याने ढीगभर वाढायचं आणि मुलाने ते संपवायचं, यात मुलाला ना आपली भूक कळते, ना अन्नाची किंमत. धाकटी पाच वर्षांची आहे. पहिले काही दिवस वरण ताटाबाहेर जास्त आणि ताटात कमी पडायचं. पुसायचं फडकं तिच्याच शेजारी ठेवलं. आता ती अर्धा डाव घेते, संपवते, पुन्हा अर्धा घेते.

यात लाड कुठे आहेत सांगा. स्वयंपाक काय होणार हे आम्ही ठरवतो, वेगळा मेनू कुणालाही मिळत नाही. एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी ही वाटणी फार स्वच्छ मांडली आहे: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं; खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. आपल्याकडे मधे आग्रह येतो. पाहुण्याला जिलबीचा आग्रह शोभतो. 'एक घास काऊचा' तान्ह्यापुरता गोड आहे. पण पाच वर्षांच्या मुलाचं पोट भरलं की नाही हे आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त कळत नाही.

नवी चव मुलांना एकदा-दोनदात आवडत नाही. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते. धाकटीने लाल माठ कितीतरी वेळा नुसता पाहिला. एका रात्री त्याचं पाणी भातात उतरलं आणि भात गुलाबी झाला. ती खाली वाकून बघत राहिली. मग चमच्याने भाताची एक कड रंगवली, मग दुसरी, आणि रंगवलेला भात खाल्ला. आम्ही कुणी काही बोललो नाही. मला मजा म्हणायची होती ती ही. यासाठी कुणाला गाजराची फुलं कोरत बसावं लागत नाही.

रंगांचा आग्रह मी मागे घेतो, पण लिंबाच्या फोडीचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातली पाच वर्षांखालची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षय असलेली निघाली. पालेभाजी आणि डाळीतलं लोह सहज अंगी लागत नाही. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने ते जास्त लागतं, आणि जेवणाबरोबर घेतलेल्या चहाने कमी. म्हणून सकाळची चहा-चपाती मुलांना देऊ नका एवढं कळकळीने सांगतो. तीच चपाती वरणात कुस्करून वर लिंबू पिळा.

राहिला मोबाईल. तो लावल्याशिवाय तुमचा मुलगा घास घेत नाही, हे वाचून मला आमच्या थोरल्याचं तिसरं वर्ष आठवलं. आम्ही एकदम बंद केला नाही, आधी फक्त सकाळच्या खाण्याला काढला. तीन-चार दिवस तो खरंच कमी जेवला आणि आमचा जीव वरखाली झाला. मग भूक आपोआप परत आली. मूल अशक्त असेल, वजन वाढत नसेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. नाहीतर चार दिवस धीर धरा. आणि मोठ्यांचेही फोन त्या वेळी बाजूला हवेत, आजोबांचासुद्धा.

तुमचा मुलगा बटाट्याशिवाय काही खात नाही ना? मग बटाटा राहू द्या. शेजारी दुसरी भाजी ठेवा, डाव त्याच्या हातात द्या, आणि त्याने ती घेतली नाही तर काहीच बोलू नका.

मूळ लेखात 'आईने' हा शब्द पाच ठिकाणी होता. आज तो बदलून 'घरातल्यांनी' केला आहे.